खालच्या मजल्यावरच्या दोन भिंती

१८ जानेवारी

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत. आईचे गुडघे दुखतात, पण जिने चढायचा हट्ट सुटत नाही. वहिनीला सांग, स्वेटर यांना जरा घट्टच झाला. चूक पोटाची आहे, विणकामाची नाही.

शाळेत दिवाळीनंतर आठवीला भूकंपाचा धडा होता. नुसता वाचण्यापेक्षा करून बघू म्हटलं. ट्रेखाली गोट्या ठेवल्या, बाजूंना रबर बांधले. ओढून सोडला की ट्रे गदागदा हलतो. मुलींनी आइस्क्रीमच्या काड्यांची घरं त्यावर उभी केली. तिरप्या काड्या लावलेली टिकली, नुसत्या चौकटींची कलली. हसून हसून पुरेवाट झाली.

मग वर्गातली एक चष्मिष मुलगी आली. ही पोर फारशी बोलत नाही. तिच्या घराला वर खोल्या होत्या, खाली नुसते खांब. ट्रे हलला, तसे खालचे खांब मुडपले आणि वरचा मजला अख्खाच्या अख्खा खाली बसला.

"अगं, खाली भिंती का नाही केल्यास?" मी विचारलं.

"बाई, ही आपली शाळा आहे. खाली ही प्रयोगशाळा, वर आमचा वर्ग."

मी म्हटलं, "खरी इमारत काड्यांची नसते." तिनं मान हलवली. पटलं तिलाही नव्हतं आणि मलाही.

दादा, शाळेच्या दुरुस्तीचं काम तुझ्याकडे होतं, खालच्या त्या दोन भिंती तू पाडल्यास, पण पाडायला मी लावल्या. मोठी प्रयोगशाळा हवी म्हणून तुझ्या मागे लागले. "इंजिनिअरला दाखवूया का?" तू विचारलं होतंस. "सुट्टी संपत आली, उगाच वेळ कशाला," हे माझे शब्द. आजवर कुणाला सांगितले नव्हते.

गेल्या महिन्यात मी शिक्षण विभागाच्या कार्यालयात अर्ज दिला, भिंती पाडल्यात, इमारत तपासा म्हणून. त्यात माझं नाव लिहिलं आणि तुझंही. तुला न विचारता. तू फोन का उचलत नाहीस, ते कळतं मला.

कार्यालयातून उत्तर आलं: मंजूर नकाशात दोन्ही भिंती आहेत, सबब इमारत सुरक्षित आहे. मी जाऊन साहेबांना म्हटलं, "एकदा येऊन बघा तरी." ते म्हणाले, "ज्यानं पाडल्या त्याचं लेखी आणा, मग बघू." मोठ्या बाई म्हणतात, वर्ग हलवायला दुसरी जागाच नाही.

परवा शिकवताना वर एकदम धडधड झाली. माझा खडू हातातच राहिला. मधली सुट्टी झाली होती, इतकंच. मुली माझ्याकडे बघत राहिल्या.

दोन ओळी लिहून दे. त्यानं तुझं नाव खराब होईल, पुढची कामं जातील, सगळं माहीत आहे. मागायला मला तोंड नाही, तरी मागते. जमणार नसेल तर तसं कळव, म्हणजे मी फोन करणं थांबवीन. शाळा मात्र उद्याही अकराला भरेल.

तुझी, आणि तुझ्याहून जास्त दोषी,
चिमी