कर्नलला पहिली लिपी

ती. मामांस भाच्याचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? इकडे सर्व क्षेम. फक्त नोकरी गेल्यात जमा आहे, आणि त्याला तुम्ही शिकवलेलं इंग्रजी जबाबदार आहे.

तुम्ही सांगत होतात, मराठीत मान द्यायला बहुवचन आहे, इंग्रजीत ती सोय नाही. तिथे फक्त पहिली लिपी, म्हणजे कॅपिटल, आणि दुसरी लिपी, म्हणजे स्मॉल. विशेषनामाचं पहिलं अक्षर पहिल्या लिपीत, सामान्यनाम दुसरीत. हे मी विसरलो नाही, तिथेच घात झाला. आमच्या गाद्यांच्या कारखान्याचं नवं दुकान उघडायचं होतं. आमंत्रणाचा इंग्रजी मजकूर माझ्याकडे आला: मालक, त्यांची पत्नी आणि कर्नल आपलं स्वागत करतील. (कर्नल हा त्यांचा कुत्रा. जाहिरातीत गादीवर झोपतो. कामाच्या वेळी झोपायची परवानगी असलेला आमच्यात तो एकटाच.) मालक हे सामान्यनाम, पण पगार ते देतात, म्हणून त्यांना पहिली लिपी दिली. कर्नल विशेषनाम, त्यालाही दिली. पत्नी राहिली दुसरीत. व्याकरण चोख होतं. कार्डं छापून आली.

मालकीणबाई कार्ड घेऊन थेट माझ्या टेबलाशी. "कुत्र्याला अहो-जाहो, आणि मला अगं?" मी नियम सांगितला (मी मूर्ख नाही, पण त्या क्षणी होतो): बाई, त्याला नाव आहे. "आणि मला?" त्यांचं नाव ऑफिसात कुणालाच ठाऊक नव्हतं. मालकांना आठवलं, पण स्पेलिंगपाशी अडले.

तेव्हा त्यांनी मला काढायचं ठरवलं. बाईंनीच थांबवलं. म्हणाल्या, आपल्या घरच्या तीन बायकांची नावं सांगा आणि राहा. आईचं सांगितलं, बायकोचं सांगितलं. तिसरं मोठ्या तोऱ्यात सांगितलं: मामी. शिकायला तुमच्याकडे होतो तेव्हा सगळी वर्षं त्यांच्याच हातचं जेवलो ना! "हे नाव नव्हे, नातं," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या लिपीत जातं. सोमवारपर्यंत मुदत."

तुमचा,
(तूर्त दुसऱ्या लिपीतला) भाचा

ता. क. माफीही लेखी हवी आहे, इंग्रजीत. पण त्या भाषेत 'मी' कायम पहिल्या लिपीतच उभा. इतकी छाती काढून माफी मागायची कशी?

पुन्हा ता. क. मामींचं नाव सोमवारच्या आत कळवा. आठवलं नाही तर त्यांनाच विचारा. मात्र भाच्याला हवंय म्हणून सांगा. तुम्हाला हवंय असं कळलं, तर नोकरी तुमचीही जाईल.