परतीचे खोके

ट्रॉय, मिशिगन
१८ सप्टेंबर २००५

ती. सौ. मीनाक्षीताईस,
देवदत्तचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळून बरेच दिवस झाले. लिहायला उशीर झाला, कारण घरात सध्या थंडी हा एकच विषय आहे. बाहेर लोक अजून हाफ पँटीत फिरताहेत, पण तुझा भाऊ इंजिनियर आहे, तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यातला नव्हे.

मागच्या खेपेला आई वरच्या बेडरूममध्ये राहिली ते आठवतंय ना? जेवायलासुद्धा माकडटोपी घालून खाली यायची. शेवटी, तुमच्या फ्रिजमध्ये मला कोथिंबिरीसारखं राहायचं नाही, असं सुनावून तिकीट अलीकडे आणून निघून गेली. आता नोव्हेंबरअखेर येतेय. पुन्हा कुडकुडायला लावलंस तर तुझ्या दारात पाऊल ठेवणार नाही, असं तिने फोनवर बजावलंय. आणि ती बोलते तसं करते. म्हणून यंदा घराचं इन्सुलेशन करायचंच असं ठरवलं. म्हणजे घराला स्वेटर घालायचा म्हण. इकडे अमेरिकेच्या दक्षिणेत वादळं झाल्यापासून गॅसही महागणार असं सगळे म्हणताहेत.

गॅरी नावाचा कॉन्ट्रॅक्टर तपासणी करून गेला. त्याने पुढच्या दाराला भलामोठा पंखा लावला आणि वारा कुठून कुठून शिरतो ते दाखवलं. सगळीकडूनच शिरतो असं निघालं. शिवाय आतली ऊब माळ्यातून सरळ वर जाते. म्हणजे घर घेतल्यापासून मी मिशिगनचं आकाश तापवतोय! उपाय सोपा आहे. जुन्या वर्तमानपत्रांचा चुरा पाइपने माळ्यावर फुंकायचा आणि हातभर जाड थर द्यायचा. फक्त त्याआधी माळा पूर्ण रिकामा हवा.

तिथेच अडलंय. माळ्यावर आपले खोके आहेत. टीव्हीचा, व्हीसीआरचा, मायक्रोवेव्हचा, सगळ्या कॉम्प्युटरांचे, आन्याच्या पाळण्याचा. आतल्या थर्माकोलसकट जपलेत, कारण परत यायच्या वेळी मूळ खोक्यात पॅकिंग केलं की सामान सुखरूप पोचतं. गॅरीने वर डोकं घातलं आणि तुम्ही दुकान चालवता का, असं विचारलं. मी म्हटलं, आम्ही लवकरच मायदेशी परत जाणार आहोत. इथे येऊन किती वर्षं झाली, असं त्याने विचारल्यावर मी त्याला चहा विचारला.

आमच्या मंडळाचा हेमचंद्र सगळ्या विषयांतला एक्स्पर्ट आहे. तो म्हणाला, थर्माकोल हेच उत्तम इन्सुलेशन, खोके एकमेकांना टेपने चिकटवून दाट मांड की झालं, रद्दीबिद्दी फुंकायची गरजच नाही. शास्त्रीयदृष्ट्या मला हे पटलंय. आसावरीला पटलं नाही, पण ती कॉमर्सची.

आईला सांग, काळजी नको. माझ्या भाचीला, उत्तराला, बारावीसाठी आशीर्वाद. लोभ आहेच, उबेची सोय मी करतो.

तुझा,
देवा

पुणे
३० सप्टेंबर २००५

चि. देवदत्त यास,
मीनाक्षीताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून ह्यांना इतकं हसू आलं की चहा नाकात गेला. इथे आम्ही रद्दी विकून त्यात भाजी आणतो आणि तुम्ही ती विकत घेऊन डोक्यावर ठेवता! अमेरिका म्हणतात ती हीच. आमच्या माळ्यावरची पाठवू का, बोल.

आता मला सांग, व्हीसीआरचा खोका जपलास, पण व्हीसीआर कुठे आहे? तो तुम्ही गॅरेज सेलमध्ये विकला, हे आसावरीने मला गेल्याच वर्षी सांगितलंय. पाळणाही कुणाला तरी दिलात. आन्या आता सायकल चालवते. म्हणजे उद्या तू परत आलास तर बरोबर नुसते खोके घेऊन येणार? आणि तिकडचा टीव्ही इथल्या विजेवर लावलास तर धूर निघेल, हे इंजिनियरला मी सांगायचं? हेमचंद्राबद्दल काही बोलत नाही. असा एक आमच्या सोसायटीतही आहे, त्याने सांगितल्याप्रमाणे टाकी दुरुस्त केली आणि आठवडाभर सगळ्यांनी बादल्या वाहिल्या.

देवा, थट्टा पुरे. एक विचारायचं आहे. तुझी मागची खोली अजून कुलूपबंद आहे. लोखंडी कपाट, कॉम्प्युटरचं टेबल, तू येणार म्हणून घेतलेली गादी, सगळं चादरी घालून ठेवलंय. किल्ली आईच्या कमरेला. दर शनिवारी आत जाऊन केर काढते आणि पुन्हा कुलूप लावते. उत्तरा बारावीचा अभ्यास ओट्याशेजारी करतेय. एका कानात मिक्सर, दुसऱ्या कानात आईच्या मालिका. परवा तिच्या केमिस्ट्रीच्या वहीवर आमटी सांडली, तेव्हा पोर रडायलाच लागली. मी आईकडे खोली मागितली. ती म्हणाली, खोली देवाची आहे, देवाला विचार.

म्हणून विचारते. येणार आहेस का रे? हो म्हणालास तर खोली तशीच राहील, आमची उत्तरा आमटीसकट पास होईल. नाही म्हणालास तरी मी ओरडणार नाही. पण बघू म्हणू नकोस. बाबा गेल्यापासून तेच ऐकतेय. तू आलास की आईचं दुखणंखुपणं दोघं मिळून बघू, असं मीही मनाशी धरून होते. एकटीला जड जातं कधीकधी. लिहायचं नव्हतं, लिहून गेले.

आसावरीला आशीर्वाद, आन्याला पापा. माया आहेच, पण सरळ उत्तर आलं तर वाढेल.

तुझी,
ताई

ट्रॉय
१३ ऑक्टोबर २००५

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

काल इथे दसऱ्याचं सोनं म्हणून मेपलची पानं वाटली. तुझं पत्र दोनदा वाचलं. आधी घराची हकिकत सांगतो.

खिडक्यांना प्लास्टिकचा पडदा ताणून बसवला आणि हेअर ड्रायरने गरम करून घट्ट केला. दारांना फोमच्या पट्ट्या लावल्या. आता मागचं दार उघडायला दोन माणसं लागतात. आन्या खिडकीतून जाते-येते. खोक्यांचा प्रयोगही केला. मी आणि हेमचंद्र शनिवारभर माळ्यावर टेप लावत होतो. परवा पहिली कडक थंडी पडली आणि वरच्या बेडरूममध्ये खोबरेल तेल गोठलं. हेमचंद्राचं म्हणणं, खोके कमी पडले. तो त्याच्याकडचे द्यायला तयार आहे. त्याच्याकडे गॅरेजभर आहेत, तोही परत जाणार आहे ना.

भरीला टीव्हीच्या खोक्यात खारीने बिऱ्हाड केलंय, पिलांसकट. थर्माकोल कुरतडून मऊ गादी केलीय. आसावरी म्हणाली, घरात एकीने तरी कुठे राहायचं ते ठरवलं. मी आन्याला समजावत होतो की हे खोके परत जाताना लागतील. तर ती इंग्रजीत म्हणाली की परत कशी जाऊ, मी तर तिथून आलेच नाही. आठ वर्षांच्या मुलीशी काय वाद घालणार!

गॅरीने कामासाठी पुढच्या आठवड्यातली तारीख दिली होती, ती मी कॅन्सल केली. आता त्याच्याकडे १२ नोव्हेंबर आहे, ती चुकली तर थेट जानेवारी. आसावरी त्या दिवसापासून माझ्याशी फक्त आन्यामार्फत बोलते.

खोलीचं म्हणशील तर ताई, तू समजून घे. आत्ता ग्रीन कार्ड झालंय, पण ऑटो कंपन्यांचं काही खरं नाही, आन्याची शाळा बरी चाललीय, पुण्यात म्हणे जागांचे भाव फार वाढलेत. मार्चनंतर नक्की विचार करू. तोवर खोली तशीच असू दे. उत्तराला चांगले इअरप्लग पाठवतो.

रागावू नकोस. लोभ थोडा कमी झाला तरी चालेल, तोडू नकोस.

तुझा,
देवा

पुणे
२६ ऑक्टोबर २००५

चि. देवदत्त यास,
आईचे अनेक आशीर्वाद.

मीनाक्षी तुझी पत्रं मला मोठ्याने वाचून दाखवते. या वेळी वाचताना खारीवरून एकदम लोभावर आली. मधलं गाळलंन् हे माझ्या लक्षात आलं. मग चष्मा लावून माझं मीच वाचलं.

इअरप्लग पाठवू नकोस. खोली उघडली. उत्तरा कालपासून आत बसते. कुलूप काढताना मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. किल्ली फिरेना. शेवटी तिनेच माझ्या हातावर हात ठेवला. तिने पुस्तकं मांडली, पंखा लावला, आणि थोड्या वेळाने आतून पाठांतराचा आवाज यायला लागला. किती वर्षांनी त्या खोलीत कुणी बोललं असेल! मग मी स्वयंपाकाला लागले.

तू येणार नाहीस हे मला मागच्या खेपेलाच कळलं होतं. परत निघालेला माणूस दारातली झाडं थंडीत जगावीत म्हणून त्यांना एवढी गोणपाटं गुंडाळत नाही. तू तोंडाने बोलला नाहीस, म्हणून मीही किल्ली सोडली नाही. तू तिकडे खोके जपलेस, मी इकडे खोली जपली, आणि दोघांनी मिळून पोरीला ओट्याशी बसवलं. आपली कमालच आहे.

येणार नाहीस याचा मला राग नाही. आसावरी आणि आन्या जिथे आहेत ते तुझं घर. फक्त ताईला एक फोन कर आणि सरळ शब्दांत सांग. तिने फार वाट बघितलीय. आणि यापुढे मला बरं नसेल तेव्हा चार दिवस का होईना, स्वतः ये, म्हणजे तिचीही पाठ जरा मोकळी होईल.

आता माळा रिकामा कर. त्या गॅरीला १२ तारखेला बोलाव आणि रद्दी फुंकून घे. हेमचंद्राला त्या दिवशी घरी बोलावू नकोस. खारीला मारू नका, गॅरीला विचारून पिलांसकट बाहेर झाडाशी नीट हलवा. मी माकडटोपी आणतेच आहे, पण घालायला लावलीस तर बघ. चकली, लाडू, मेतकूट आणि उत्तराने आन्यासाठी केलेली पिशवी घेऊन निघते.

सर्वांना आशीर्वाद. माया होती तिथेच आहे, तिला खोली लागत नाही.

तुझी,
आई

ता. क. सगळे खोके टाकू नकोस. मायक्रोवेव्हचा धड असेल तर तो ठेव. मार्चमध्ये सामान भरायला मला लागेल. मी परत येणार आहे.