अडचणी : काही नाहीत

३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम. तूही मजेतच असशील.

आमच्या संस्थेचा अनुदानाचा अर्ज परत आला. मोडक्या व्हीलचेअर, वॉकर आणायचे, दुरुस्त करायचे आणि गरजूंना फुकट वापरायला द्यायचे, एवढंच तर आमचं काम. निधीवाल्या बाई विचारतात, ‘अडचणी’च्या रकान्यात तुम्ही ‘काही नाहीत, सर्व ठीक’ लिहिलंय, मग अनुदान कशाला? आता परक्यापुढे रडगाणं गायचं का? तू जन्मभर ऑफिसात अर्ज तपासलेस, तूच चार ओळी लिहून पाठव. नाही जमलं तर मार्चअखेर संस्थेची खोली सोडावी लागेल, पण ते मनाला लावून घेऊ नकोस.

लोभ आहेच, आळस तेवढा सोड.
तुझी ताई

११ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हसून हसून ठसका लागला. शेवटच्या ओळीशी मात्र हसू पळालं. खोली जाणार, आणि ते तू जाता जाता सांगतेस? पत्रात वाईट लिहायचं नाही ही आईची शिकवण, कबूल. पण निधीवाल्या बाई काही आपल्या मावशी नव्हेत. मी एक ओळ लिहिणार नाही. काय काय सलतं ते आधी मला लिही, रागावून लिही, आणि तेच अर्जात उतरव.

मी मजेत. पेपर, फिरणं, टीव्ही. वेळ कसा जातो कळत नाही.

तुझा राग सोसायला तयार,
धाकटा

१८ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आशीर्वाद.

घे तर मग! छप्पर गळतं, चाकं गंजतात. पुरता पगार देता येत नाही, म्हणून कारागीर अर्धा आठवडा दुसरीकडे जातो आणि खुर्च्यांचा ढीग दारापर्यंत आलाय. फोन घ्यायला कोणी नाही. काल एका बाईला पायरीवरूनच परत पाठवलं. नवऱ्याला खिडकीपाशी नेऊन बसवायचं होतं तिला, बाकी काही नाही. घरी येऊन मी जेवले नाही रे. आणि तू मेल्या, निवृत्त होऊन वर्ष झालं, एकदा तरी फिरकलास?

झालं समाधान? नक्कल ठेवली आहे, आजच अर्जात उतरवते.

रागावलेली,
ताई

२० मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आशीर्वाद.

अनुदान मंजूर! खोली राहिली, छपराचं काम उद्यापासून. पण माझी अब्रू गेली. नक्कल समोर ठेवून घाईघाईत उतरवलं, ते थेट ‘तू मेल्या’सकट! निधीवाल्या बाई पाहणीला आल्या, खुर्च्या बघितल्या, गळतीखालच्या बादल्या बघितल्या, आणि जाताना हळूच विचारतात, की ते मेले कोण, आणि आले का एकदाचे. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

एक अट घातली आहे. माझ्या जोडीला दुसरं जबाबदार माणूस हवं, माझ्या वयाकडे बघून म्हणे. अर्जातला भाऊ चालेल, असंही वर म्हणाल्या. तुझं तिकडे छान चाललंय, वेळ पुरत नाही, म्हणून आग्रह करत नाही. शेजारच्या मास्तरांना विचारून बघते.

माया आहे, ती आहेच.
ताई

२७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम नाही.

बघ, लिहिलं. तुझी भावजय गेल्यापासून घर खायला उठतं. तोच पेपर दोनदा वाचतो. बेल वाजली की धावतो, तर ती शेजारची असते. तू बोलावशील म्हणून वाट बघत होतो, आणि तू मी मजेत आहे म्हणून बोलावत नव्हतीस. शाबास आपली!

मास्तरांना काही विचारू नकोस. रविवारी येतोय. पाना कुठला आणि पक्कड कुठली ते मला कळत नाही, पण फोन घेईन, अर्ज लिहीन. त्या बाईचा पत्ता शोधून ठेव. तिच्या नवऱ्यासाठी खुर्ची मी स्वतः ढकलत नेणार आहे.

भेटीअंती शिव्या घालच.
तुझाच,
अर्जातला मेला