फळ्यावरचं माझं वाक्य

बुधवार, संध्याकाळ

ती. स्व. मामांस,

साष्टांग नमस्कार. तुमची प्रकृती कशी आहे? हे मी पत्राची रीत म्हणून विचारत नाहीये. खरंच कशी आहे? सकाळचं फिरणं चालू आहे ना? जेवण नेहमीसारखं? गुडघा सोडून बाकी सगळं जागच्या जागी? तुमच्या खणखणीत तब्येतीचा मला कायम अभिमान वाटत आलाय, पण कालपासून तिची धास्ती वाटायला लागली आहे. का ते सांगतो. पत्र बसून वाचा. (मामींना लगेच वाचून दाखवू नका. फोन केला नाही, कारण घरून केला तर ही ऐकेल आणि ऑफिसातून केला तर सगळेच ऐकतील. म्हणून कुरियर.)

आमच्या पंपाच्या कारखान्यात नवे साहेब आलेत, हे मी मागे बोललो होतो. बोललो नाही ते असं, की परदेशी गिऱ्हाइकं येणार म्हणून त्यांनी सगळ्यांचं इंग्रजी सुधारायला घेतलंय. रोज सकाळी साडेनऊला पांढऱ्या फळ्यापुढे उभं राहायचं, इंग्रजी वाक्प्रचार वापरून एक वाक्य लिहायचं आणि मोठ्यानं वाचायचं. नियम एकच. वाक्य रोजच्या जगण्यातलं हवं, आपल्या घरात घडलेलं, खरंखुरं. पुस्तकी वाक्य साहेबांना खपत नाही. तीन महिन्यांनी यादी लागणार, वरचे ऑफिसात राहणार आणि खालचे गावाबाहेरच्या गोदामात जाणार. गोदामात गेलेला माणूस वर्षभरात घरी बसतो, हे मी बावीस वर्षं बघतोय. मी माल पाठवायच्या टेबलावरचा माणूस. मला इंग्रजीत खोक्यांची संख्या आणि 'नाजूक माल' एवढंच लिहिता येतं. पहिल्या दिवशी तर मी पेनाचं टोपण न काढताच फळ्यावर लिहायला लागलो.

मग लेकीनं तिचं शाळेतलं वाक्प्रचारांचं पुस्तक दिलं. डावीकडे वाक्प्रचार, मध्ये अर्थ, उजवीकडे नमुन्याचं वाक्य, सगळं एबीसीडीच्या क्रमानं. स्वतःच्या मनानं वाक्य करायची माझी छाती नाही, म्हणून मी नमुन्याचंच वाक्य उचलून त्यात 'माय' घालू लागलो. 'माय' घातलं की वाक्य आपल्या घरचं होतं. सीला 'कॉस्ट ॲन आर्म अँड अ लेग' आलं, म्हणजे एखादी वस्तू फार महागात पडणे. पुस्तकात गाडी होती, म्हणून मी लिहिलं, माझी नवी गाडी फार महागात पडली. दुसऱ्या दिवशी हिशेबनीस गाडी बघायला खाली आले. तेव्हापासून मी बसमधून एक थांबा आधीच उतरतो आणि गाडी दुरुस्तीला दिलीय असं सांगतो. (महिना झाला. आता सगळं ऑफिस त्या गाडीला शिव्या घालतं.) एचला, म्हणजे 'हॉट'खाली, 'इन हॉट वॉटर' आलं, म्हणजे मोठ्या अडचणीत सापडणे. मी मेहुण्याला सापडवला. स्टोअरकीपरनं मला बाजूला घेऊन ओळखीच्या वकिलाचा नंबर दिला. मेहुणा नंतर सहज म्हणून ऑफिसात आला, तर टेलिफोनवाल्या बाईंनी त्याला 'सुटलात का?' असं मायेनं विचारलं. तो अजून माझ्याशी बोलत नाही.

काल के आला. सोमवारी संध्याकाळीच मी पान उघडून बघितलं होतं. 'किक द बकेट.' अक्षरशः बघायला गेलं तर बादलीला लाथ मारणे, अर्थ मरण पावणे. (गाळून पुढे का गेलो नाही, असं तुम्ही म्हणाल. माझं पाठांतर क्रमानं आहे. एक गाळलं की पुढची सगळी विसरायला होतात.) पुस्तकात एक म्हातारा होता. 'माय'च्या पुढे कोण घालायचं? हिला घालणं शक्य नव्हतं, लेकीला तर नाहीच. सासूबाई मनात येऊन गेल्या, खोटं कशाला बोलू, पण मेहुण्याच्या कानावर गेलं असतं तर माझी धडगत नव्हती. तुम्ही लांब राहता, ठणठणीत आहात, तुम्हाला कशानं काही होणार नाही अशी माझी खात्री. मी तुम्हाला घातलं.

वाचून झालं. साहेबांनी चष्मा काढला. पुस्तकानं एक गोष्ट सांगितली नव्हती, ती मला नंतर कळली. हा वाक्प्रचार टवाळीचा आहे, घरच्या वडीलधाऱ्यांसाठी तो कुणी वापरत नाही. साहेबांना वाटलं, दुःखानं माझं डोकं ठिकाणावर नाही. मी खुलासा करायला तोंड उघडलं, तेवढ्यात ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, घरात असा प्रसंग असताना जो माणूस साडेनऊला फळ्यापुढे उभा राहतो, तो यादीत पहिला. माझं तोंड आपोआप मिटलं. मग सगळ्यांनी दोन मिनिटं शांतता पाळली. मामा, त्या दोन मिनिटांत मला खरोखर रडू कोसळलं. भीतीनंच असेल म्हणा, पण तुमचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना. माझं बघून स्टोअरकीपरही रडला.

आता खरी भीती. साहेब शनिवारी कामासाठी तुमच्या गावात येतायत, आणि चार ते पाचच्या दरम्यान मामींना भेटून दोन शब्द बोलून जाणार आहेत. त्यांनी पत्ता विचारला. चुकीचा द्यायचा असं मी ठरवलं होतं, पण ऐनवेळी चुकीचा आठवेना. पिनकोडसकट खरा दिला. तुम्ही बनियनवर येऊन दार उघडताय, हे चित्र कालपासून माझ्या डोळ्यांपुढे येतंय. या वयात मला दुसरीकडे कोण घेणार? लेकीचं कॉलेज अजून सुरूही झालेलं नाही. घाईत लिहितोय, अक्षराबद्दल माफी असावी.

मामींना नमस्कार.

तुमचा,
भाचा

ता. क. १ : शनिवारी चार ते पाच तुम्ही जरा लांब फिरायला जाल का? दारातल्या चपला आणि तुमची काठी आत ठेवा. जायचं नसेल तर मागच्या खोलीत बसा, पण कृपा करून खोकू नका.

ता. क. २ : मामींना हसू आवरणार नाही, हे आत्ता लक्षात आलं. त्यांनाही बरोबर न्या आणि घराला कुलूप लावा.

ता. क. ३ : पाकीट चिकटवायच्या आत हिनं पत्र वाचलं. चिडली नाही, त्यामुळे मी जास्तच घाबरलो. फक्त विचारलं, मामांकडे आपण शेवटचे कधी गेलो होतो? चार वर्षं झाली, मामा. दर खेपेला रजा नाही, म्हणून राहिलं. आता तुम्ही गेलात म्हणून मला चार दिवसांची रजा मिळाली आहे. वरचं सगळं रद्द समजा. चपला दारातच असू द्या, खोकायचं तितकं खोका. आम्ही तिघं शुक्रवारच्या बसनं येतोय. शनिवारी बेल वाजली की दार तुम्हीच उघडा, आणि साहेबांनी आपण कोण असं विचारलं, तर खरं सांगा. माझ्या तोंडून ते निघणार नाही, मराठीतसुद्धा नाही. मी तुमच्या मागेच उभा असेन.