काळ्या देठाचा नेचा

आई, तुझी लाडकी विद्यार्थिनी यंदा पाऊस सरल्यावर मला तुझं झाड, तू दर सहलीत पोरांना दाखवायचीस ते, दाखवायला घेऊन गेली होती. पिंपळगाव रेणुकाईची, हॉस्टेलचं जेवण सोसत नाही म्हणून आपल्याकडं जेवायला यायची ती. आता तीही जालन्यातच शिकवते, तुझाच विषय, वनस्पतिशास्त्र, तुझ्याच कॉलेजात.

मला ती कधी आवडली नाही. मी शाळेतून येऊन भुकेली बसलेली असायचे, आणि पोळपाटावर पोळीच्या जागी नेच्याचं वाळलेलं पान पसरलेलं. तुम्ही दोघी भिंग घेऊन त्यावर वाकलेल्या. ती चुकते, तू हसतेस, पुन्हा सांगतेस, तिसऱ्यांदाही सांगतेस. माझं गणित एकदा चुकलं की वही परत माझ्याकडं सरकवायचीस. एकदा मी ते पान उचललं आणि त्याचा कोपरा तुटला. "कळत न्हाई त्यात हात कशाला घालते?" म्हणालीस, तिच्यादेखत. तिनं मान खाली घातली, तर मला तुझ्यापेक्षा तिचाच जास्त राग आला. पुढं ते भिंगही तू तिलाच दिलंस. मी मागितलं नव्हतं, हे खरं. पण मागावं लागायला नको होतं.

यंदा तिच्या कॉलेजच्या पोरांच्या सहलीत एक सीट रिकामी होती. "ताई, चला की. मॅडमचं झाड तुम्ही बघितलंच न्हाई," ती म्हणाली. ते 'बघितलंच न्हाई' टोचलं, म्हणून गेले. महाबळेश्वरच्या खाली एका ओढ्याकाठी दाट सावलीत ते उभं होतं. मला ताडच वाटला. तसं म्हणाले, तर ती हसली नाही. तिनं माझा हात धरून खोडावर ठेवला. गळून गेलेल्या पानांचे लांबट गोल व्रण खोडभर उमटलेले. "ताडाला असे व्रण नसतात. आणि वरती बघा, कोवळी पानं कशी गोगलगायीसारखी गुंडाळून राह्यली. हा नेचाच आहे, झाडाएवढा वाढलेला." खाली झुकलेल्या एका पानाचा देठ काळाभोर, चकचकीत, बुडाशी तपकिरी खवले. त्यावरून मी बोट फिरवलं. जरा खरखरीत लागलं, पण काटा नव्हता. "दुसऱ्या एका जातीला काटे असतात. मॅडम म्हणायच्या, आधी देठ चाचप, मंग नाव घे." मग तिनं पान उलटं केलं आणि तुझं भिंग माझ्या हातात दिलं. बारीक गोल ठिपके, ओळीनं, उघडेच, कशावरही झाकण नाही. त्यातूनच नवा नेचा होतो म्हणे. मला कळेना, तर सगळं तिसऱ्यांदाही सांगितलं तिनं, न कंटाळता, अगदी तुझ्यासारखं. ते तर मला सहनच होईना.

पोरं ओढ्यात उतरली. आम्ही दगडावर बसून डबे उघडले. "मी पहिल्यांदा आल्ते तेव्हा मॅडम इथंच बसल्या होत्या," ती म्हणाली. "जेवण झालं आन् गायला लागल्या. जात्यावरची ओवी, तुमच्या आजीची. डोळे मिटून, किती तरी वेळ. तुम्ही तर घरी रोजच ऐकत असाल."

आई, तू गायचीस? आपल्या घरात तुझं साधं गुणगुणणंही मी कधी ऐकलं नाही. शेवटच्या आजारपणात तुझ्या उशाशी मी होते, ती नव्हती. तेव्हा तरी एखादी ओळ माझ्या वाट्याला यायला हवी होती.

"हो, पोळ्या लाटताना म्हणायची," मी म्हणाले. आणि मग, जणू सहजच, "म्हण बरं. तीच आहे का बघते."

तिनं म्हटली. आवाज बेताचा, मध्ये दोनदा अडखळली. मी भाकरी डब्यात ठेवून ऐकत होते. संपल्यावर तिनं माझ्याकडं बघितलं. "तीच," मी म्हणाले.

हे तुला पाठवणार तरी कुठं. पण एवढं तुला सांगते: तिला अजून एकदा म्हणायला लावली. म्हटलं, मधलं एक कडवं चुकलं वाटतं तुझं.