भिंतीवरचा केरबा

प्रिय प्रांजल,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस ना? साताऱ्याच्या ऑफिसात माझ्या हाताखाली होतीस तेव्हा तू त्याला कोंबडीचे पाय म्हणायचीस, माझ्या पाठीमागे. मला सगळं कळायचं बरं! तू नोकरी सोडून पाचगणीला गेलीस त्याला दोन वर्षं झाली आणि तुझी मॅडम आज पहिल्यांदा तुला लिहितेय. फोनच करणार होते, पण चारदा नंबर काढला आणि चारदा फोन खाली ठेवला. यंदाची स्ट्रॉबेरीची लागण उरकली का? सासूबाईंचे गुडघे कसे आहेत?

माझी बदली गेल्या वर्षी इकडे कवठे महांकाळ तालुक्यातल्या एका गावी झाली. जनावरांचा दवाखाना, पाच माणसं आणि त्यांची प्रमुख मी. सगळं माळरान, आणि माळावर मेंढरंच मेंढरं. दिवाळी झाली की कळप कृष्णाकाठी चरायला निघतात, त्याआधी लसी टोचून व्हायला हव्यात. आणि त्या आमच्या केरबाशिवाय होत नाहीत. केरबा कागदावर शिपाई, पन्नाशीचा, मेंढपाळाच्याच घरातला. कुठला कळप कुणाच्या रानात बसलाय हे त्याला तोंडपाठ. रविवारी, सणासुदीला कुणाची मेंढी अडली तरी गडी मोटारसायकलला किक मारून हजर. त्याच केरबाचा बदलीचा अर्ज माझ्या टेबलावर पडलाय. 'कुठेही चालेल' असं लिहिलंय त्यात. उद्या सोमवारी माझा शेरा मारून तो पुढे पाठवायचाय, आणि मला काय करावं ते खरंच सुचत नाहीये.

चूक माझी आहे. म्हणजे बहुतेक माझीच आहे. जुलैत पुण्याला तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. माणसं पगारासाठी येतात पण कौतुकासाठी राबतात, चांगल्या कामाचं जाहीर कौतुक करा, असं तिथल्या बाईंनी इतकं छान सांगितलं की मी भारावून परत आले. आल्या आल्या 'महिन्याचा आदर्श कर्मचारी' सुरू केला. पहिला मान अर्थात केरबाचा. त्याचा फेटा बांधलेला रंगीत फोटो मोठा करून घेतला, सोनेरी फ्रेम केली आणि थोर माणसांच्या तसबिरींच्या रांगेत, शेवटच्या खिळ्यावर टांगला.

पंधरा ऑगस्टला आमच्या बाळासोनं नेहमीसारखे हार आणले. तो दुसरा शिपाई, कामाला चोख. भिंतीवर जेवढ्या तसबिरी तेवढे हार, असा त्याचा हिशेब. केरबालाही झेंडूचा हार पडला, उदबत्तीसुद्धा लागली! नेमकी त्याच सकाळी केरबाची बायको अंजना शेळीचं औषध न्यायला आली. हार घातलेला नवऱ्याचा फोटो बघून ती दारातच खाली बसली. "आवं, आत्ता तर भाकरी खाऊन गेल्यात की!" म्हणून तिनं जो हंबरडा फोडला, तो अजून माझ्या कानात आहे. केरबा मागच्या अंगणात झेंड्याची दोरी सोडवत होता. धावत आला, तर हे भूतच म्हणून ती त्याच्याकडे बघायलाही तयार नाही. दोन दिवस माळावरून दुखवट्याला माणसं येत होती. आम्ही हसून हसून दमलो. केरबा मात्र हसला नाही, आणि हे माझ्या लक्षात यायला आठ दिवस लागले.

मग हळूहळू सगळे काम त्याच्यावर ढकलू लागले. फोन आला की आमचे दादासो क्लार्क म्हणायचे, फोटोवाल्यांना सांगा. डबे खाताना चेष्टा. केरबानं रविवारचे फोन उचलणं बंद केलं. मी घाबरून फोटो काढून टाकला, म्हटलं मिटेल. तर गावात झालं भलतंच. केरबाचा फोटो उतरवला म्हणजे यानं नक्की पैसे खाल्ले असणार! त्याच्या लेकीच्या सासरहून विचारणा झाली. टांगला तरी चुकलं, काढला तरी चुकलं. मी त्याला बोलावून विचारलं, तेव्हा खाली बघत एवढंच म्हणाला, "म्याडम, आदी मी माज्या मनानं जात हुतो. आता कुटंबी गेलो तरी लोक म्हंत्यात, फोटोसाठी गेला. माजं जाणंच ऱ्हायलं न्हाई माजं."

माझ्या आधीचे साहेब कुणाला शाबास म्हणायचे नाहीत की रागवायचे नाहीत. वर्तमानपत्र वाचायचे. तरी काम चालायचं. मग मी काय करायला हवं होतं? गप्प बसायचं? चांगल्या माणसाला चांगलं म्हणायचंच नाही? मला काही कळेनासं झालंय गं, आणि वयाच्या बावन्नाव्या वर्षी असं कबूल करायची लाज वाटते.

केरबा बाहेर गेल्यावर मला तूच दिसायला लागलीस. साताऱ्यात प्रत्येक मीटिंगमध्ये मी म्हणायचे, जरा प्रांजलकडून शिका. कुणाचं राहिलेलं काम असलं की तुझ्या टेबलावर, कारण तू नाही म्हणायची नाहीस. पुढे पुढे तू एकटीच डबा खायला लागलीस. तेही मी पाहत होते, आणि मला वाटायचं, बघा, पोरगी वेळ वाया घालवत नाही. तुझ्या राजीनाम्यात 'वैयक्तिक कारण' एवढे दोनच शब्द होते. मी सही केली, निरोप समारंभात पुन्हा तुझं भरभरून कौतुक केलं, आणि प्रांजल सासरची शेती बघायला गेली असं सगळ्यांना सांगत सुटले. तू तसं मला कधीच सांगितलं नव्हतंस. उद्या शेरा मारण्याआधी मी केरबाच्या घरी जाऊन त्याची माफी मागणार आहे, मग तो थांबो की जावो. पण त्याच्या दारात उभं राहण्याआधी, जे मी त्या दिवशी सही करताना विचारायला हवं होतं, ते आज तुला विचारते. प्रांजल, तू का गेलीस?

तुझीच,
राजेश्वरी