कान नसलेला रुपया

दाभोळ, माघ वद्य पंचमी

ती. मामांच्या पायांवर गंगारामचे डोके. इकडे सगळे जीव धरून आहोत. तुमच्या गुडघ्याची सूज उतरली का? गोदीत ओझी उचलू नका, वय झाले (हे मामी म्हणते, मी नव्हे). माझा जीव मात्र पंधरवडाभर टांगणीला होता, तो का ते ऐका.

मालनच्या साखरपुड्याला जयगडची मंडळी मचव्याने आली. मुलगा आनंदा, घरचा मचवा, बोलणे कमी. टिळा लावून मी त्याच्या हातात नारळ आणि रुपया दिला. त्याची आजी येसूबाई डोळ्यांनी अधू, पण बोटे अशी की झाकल्या टोपलीतला शिळा बांगडा ओळखील. तिने रुपया चाचपला आणि म्हणाली, "ह्या राजाला कान नाय." सगळे वाकून बघू लागले. मुकुट होता, दाढी होती, अक्षरे जागच्या जागी. कानाच्या ठिकाणी मात्र सोललेल्या अंड्यासारखा गाल. शेजारचा काशीराम बोलून गेला की तरीच आपले अर्ज वर ऐकू जात नाहीत. समोर पोलीस पाटील पोहे खात बसलेले (त्यांनी खाणे थांबवले नाही, पण चावणे हळू केले). खोटा रुपया देणाऱ्याची मुलगी नको म्हणत येसूबाईने नारळ आणि रुपया परत ठेवले आणि मंडळी उठली.

मी बोटीने रत्नागिरी गाठली. राजाचा कान तासला म्हणून हा आपल्याला धरणार, असे वाटेत प्रत्येक टोपीवाल्याकडे बघून वाटे. सोनाराने रुपया वाजवून चांदी चोख असल्याचे सांगितले, पण राजाच्या तोंडाविषयी तो काही बोलेना. त्याने मला एका पेन्शनर रावसाहेबांकडे धाडले. त्यांना चुकलेली नाणी जमवायचा नाद. त्यांनी भिंग लावून बराच वेळ बघितले (तेवढ्यात मी तीनदा देवाला नवस बोललो). कानशीने घासला असता तर ओरखडे दिसते, खळगा पडता, वजन घटते. यातले काहीच नाही म्हणाले. टाकसाळीतल्या ठशात कानाच्या खाचेत मळ बसला असेल, म्हणून तेवढा भाग उमटलाच नाही. चूक सरकारची, तुमची नव्हे (हे ते दार लोटून बोलले). असे नाणे शौकीन लोक जपून ठेवतात. द्यायचे झाले तर मलाच द्या, असेही म्हणाले.

तसाच जयगडला जाऊन सांगितले. येसूबाई लगेच म्हणाली, रुपया आमच्या मुलाच्या हातात पडला, तो आमचाच, देव्हाऱ्यात ठेवू, नारळही आणा. मी खुशीत घरी आलो, तर मालन अडून बसली. ती म्हणे, आजीने नारळ परत ठेवला तेव्हा तो मुलगा गप्प का होता? मी येसूबाईला काय कळवणार? दोन दिवस मला अन्न गोड लागेना. शेवटी आनंदाच एकटा मचवा घेऊन आला. मालनने त्याला तोंडावर विचारले.

तो खाली बघून म्हणाला, "आजीपुढं बोलायची सवय नव्हती. आज पहिल्यांदा बोललो, तुझं चुकलं म्हनालो, आनि निघालो."

मालन आत गेली आणि त्याच्यासाठी पाणी घेऊन आली. लग्न वैशाखात आहे.

आपला,
गंगाराम

ता. क. तो रुपया दिवाळीत तुम्हीच मालनला दिला होता. पाटलांनी खोदून विचारले तेव्हा घाबरून तुमचे नाव आणि खोलीचा पत्ता सांगितला. कोणी चौकशीला आल्यास 'माझ्याकडे आला तेव्हाही कान नव्हता' एवढेच सांगा.

दुसरे ता. क. कोणी आधीच येऊन गेले असल्यास हे पत्र चुलीत घाला, आणि तुम्हाला सोडवायला इकडून मामीला पाठवतो.